जिवंत पेशीतली रिक्तिका पाहायची कशी: ऱ्हिओच्या पानापासून यीस्टपर्यंत

वनस्पती-पेशीची आकृती काढताना मधोमध एक मोठा भाग कोरा सोडायचा, त्याला ‘रिक्तिका’ असं नाव द्यायचं आणि पुढे हरितलवकाकडे वळायचं, असा आपल्या शाळांमधला रिवाज आहे. दुकानातून आणलेल्या कायमस्वरूपी स्लाइडवरही तेच होतं. पेशी मारून, रंगवून, सुकवून बसवलेली असते आणि रिक्तिकेच्या जागी पांढरं भोक उरतं. मग मुलं विचारतात, ‘इथे काही नसतंच, तर नाव कशाला द्यायचं?’ प्रश्न अगदी योग्य आहे. रिक्तिका तिच्या कामावरून ओळखायची असते. पाणी आत-बाहेर होताना, आम्ल साठताना, रंग अडकताना ती दिसते. म्हणून पेशी जिवंत हवी, आणि आपण तिच्या भोवतालात काहीतरी बदल करायला हवा.

पुढचे सगळे प्रयोग आमच्या वडोदऱ्यात, शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक, स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि दोन-तीन विकत आणलेल्या गोष्टी यांवर करता येतात. आठवी-नववीपासून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत कुणालाही जमावेत. गुजराती माध्यमातल्या मुलांनी ‘रसधानी’ नावाने जे वाचलंय ते हेच.

आधी थोडी ओळख

पूर्ण वाढलेल्या वनस्पती-पेशीत बहुधा एकच मोठी रिक्तिका असते आणि ती पेशीचा ८०-९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते. पेशीद्रव्य, केंद्रक, हरितलवकं हे सगळं तिच्या आणि पेशीभित्तिकेच्या मधल्या पातळ थरात सरकवलेलं असतं. तिच्याभोवती एक पटल असतं, त्याला टोनोप्लास्ट म्हणतात. हे नाव ह्यूगो द फ्रीस या डच शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दिलं. आत पेशीरस असतो: पाणी, क्षार, साखर, सेंद्रिय आम्लं, काही फुलांचे रंग, काही झाडांची विषं, कुठे प्रथिनं.

टोनोप्लास्टवर पंप बसलेले असतात. ते ऊर्जा खर्च करून हायड्रोजन आयन आत ढकलतात, त्यामुळे आतला रस आम्लधर्मी राहतो. पेशीद्रव्याचा पीएच ७ च्या जरा वर असतो, तर रिक्तिकेचा साधारण ५ ते ५.५. लिंबाच्या गरातल्या पेशीत तो अडीचपर्यंत खाली जातो. लिंबू आंबट लागतं ते या रिक्तिकांमुळे. एकदा आत आम्ल साठलं की त्या फरकाच्या जोरावर इतर पदार्थही आत ओढून ठेवता येतात. खंभातच्या आखाताकडच्या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या वनस्पती सोडियम असाच रिक्तिकेत कोंडतात, म्हणजे पेशीद्रव्यातल्या नाजूक विकरांना मीठ बाधत नाही.

बुरशी आणि यीस्टमध्येही रिक्तिका असते. तिथे साठवणीबरोबर मोडतोडीचं कामही मोठं असतं. त्याबद्दल यीस्टच्या प्रयोगात सविस्तर लिहिलंय.

सामान

सूक्ष्मदर्शक असा हवा की १०० पट आणि ४०० पट दोन्ही दिसेल. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो. पान आणि कांद्यासाठी तो पुरतो, यीस्टसाठी नाही. स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, चिमटा, नवं ब्लेड, टिपकागद, ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा आणि १०० मिलिलीटरचं मोजपात्र घ्या. पीएच पट्ट्या आणि न्यूट्रल रेड नावाचा रंग प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. अगदी लहान बाटली पुरते. मीठ, साखर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, हळद घरात असतंच.

भाजी खंडेराव मार्केटमधून आणा. एक गडद लाल कांदा, एक पांढरा कांदा, एक बीट. डुंगळी (गुजरातीत कांदा) मागताना वरची सालं सुटलेली आणि मऊ पडलेली घेऊ नका. पेशी ताजी आणि ताठ हवी. ऱ्हिओ बहुतेक सोसायट्यांच्या कुंपणाकडेला लावलेला असतो: वरून हिरवी आणि खालून जांभळी अशी लांबट पानं, मधून सरळ वर आलेली. सयाजीबागेतला तोडायचा नाही. शेजाऱ्यांकडून एक पान मागून घ्या किंवा नर्सरीतून रोपच आणा, ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याचा चीक कातडीला चुरचुरतो, म्हणून काम झाल्यावर हात धुवायचे.

ऱ्हिओची साल काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. साल नीट निघाली तर पुढचं सगळं सोपं.

पान जांभळी बाजू वर करून धरा. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तिरकं फाडा, पण सरळ ओढून तुकडे करू नका. एक हात स्थिर ठेवून दुसऱ्याने पान किंचित खाली दुमडत ओढा. फाटलेल्या कडेला दोन-चार मिलिमीटरची पारदर्शक जांभळी झालर लोंबताना दिसेल. तीच आपल्याला हवी. ब्लेडने तिचा नखाएवढा तुकडा कापा आणि लगेच स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पंखा चालू असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर अर्ध्या मिनिटात साल कोरडी होऊन पेशी मरतात आणि पुढे काहीच हलत नाही. जांभळी बाजू वर राहील असं ठेवा. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूच सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

१०० पटीत बघा. काठाकाठाला लागून बसलेल्या बहुकोनी पेशी, काही पूर्ण जांभळ्या, काही फिक्या. मधूनमधून पर्णरंध्रं: दोन छोट्या हिरव्या रक्षक पेशी आणि त्यांच्याभोवती बिनरंगाच्या पेशी. पेशी काठोकाठ जांभळी दिसते, पण तो रंग सगळ्या पेशीत नसून फक्त रिक्तिकेत विरघळलेला आहे. तो अँथोसायनिन. पेशीद्रव्याचा थर इतका पातळ आहे की या क्षणी तो दिसतच नाही. म्हणूनच आपण ऱ्हिओ निवडला: रिक्तिकेची हद्द निसर्गानेच रंगवून ठेवली आहे.

मीठ घालून बघणं

३ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलीटर करा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या द्रावणाचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावा. कागद पाणी शोषेल आणि मीठ-पाणी सालीखाली सरकेल. असं दोनदा करा. या वेळात डोळा भिंगावरून काढू नका, सगळी गंमत पहिल्या एक-दोन मिनिटांत आहे.

आधी कोपरे सुटतात. पेशीच्या एखाद्या कोनात पांढुरकी फट दिसू लागते, मग ती कडेने पसरते. जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत ओढला जातो, त्याच्या कडा आधी आतल्या बाजूला वाकलेल्या, खडबडीत असतात, मग हळूहळू गोलसर होतात. शेवटी पेशीच्या मधे जांभळ्या गोळ्या उरतात. रंग पहिल्यापेक्षा गडद झालेला दिसेल: रंगद्रव्य तेवढंच आहे, पाणी कमी झालंय. याला प्लाझ्मोलिसिस म्हणतात. बाहेर मीठ जास्त, म्हणून टोनोप्लास्ट आणि पेशीपटल ओलांडून पाणी बाहेर गेलं, रिक्तिका आक्रसली आणि तिच्याबरोबर सगळं जीवद्रव्य.

परीक्षेत हमखास विचारतात ती गोष्ट: भिंत आणि आक्रसलेला गोळा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असतं? तिथे बाहेरचं मीठ-पाणी असतं. पेशीभित्तिका मिठाला अडवत नाही, अडवतं ते पटल. मुलांना हे वाचून पटत नसेल तर मिठाच्या द्रावणात थोडी खायची निळी किंवा हिरवी रंगपूड टाकून तेच करा. फटीत तो रंग शिरलेला दिसतो, जांभळ्या भागात शिरत नाही.

आता परतीचा प्रवास. बरेच जण इथे थांबतात, पण खरा पुरावा पुढेच आहे. दहा मिनिटांच्या आत अर्धं मीठ-पाणी आणि अर्धं साधं पाणी असं मिश्रण त्याच पद्धतीने आत ओढा, दोन मिनिटं थांबा, मग साधं पाणी. एकदम साधं पाणी दिलं तर खूप आक्रसलेल्या काही पेशी फुगताना फुटतात. हळू गेलात तर जांभळा रंग पुन्हा भिंतीपर्यंत पसरतो. पसरला, म्हणजे पेशी जिवंत आणि पटल शाबूत. ज्या पेशीचा रंग पसरत नाही किंवा आजूबाजूला सांडतो ती मेलेली.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की खाली पाणी सुटतं, कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून पिळतात, तिथेही हेच घडत असतं. वाढायच्या आधी शेवटच्या क्षणी मीठ घालणाऱ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं शास्त्र पक्कं होतं. आणि मलूल मेथी पाण्यात उभी करून ताजी होते तो परतीचा प्रवास.

पेशीच्या आत दाब किती, ते काढणं

हे थोडं गणित आहे, पण आकडा हातात येतो तेव्हा फार बरं वाटतं. साखरेची द्रावणं करा: ४, ६, ८, १०, १२ आणि १४ ग्रॅम साखर, प्रत्येक वेळी पाणी घालून एकूण १०० मिलिलीटर. इथे मिठापेक्षा साखर बरी, तिचा हिशेब सरळ होतो आणि ती पेशीला कमी त्रास देते. एकाच पानाच्या सालीचे सहा तुकडे करून प्रत्येक द्रावणात एकेक ठेवा. पंधरा मिनिटांनी त्याच द्रावणाच्या थेंबात स्लाइड करून बघा. प्रत्येक तुकड्यातल्या पन्नासएक पेशी मोजा आणि त्यांपैकी किती पेशींचे कोपरे सुटलेत ते लिहा. जिथे जवळपास निम्म्या पेशी नुकत्या सुटलेल्या दिसतात, ते द्रावण पेशीरसाच्या ताकदीच्या बरोबरीचं.

आता त्या द्रावणातल्या साखरेच्या टक्केवारीला ०.७३ ने गुणा. साधारण २७ अंश तापमानाला तेवढे बार परासरण दाब, म्हणजे पेशीरसाचा पाणी आत ओढण्याचा जोर, येतो. साखरेचा रेणुभार ३४२ आणि वायू-नियमासारखंच परासरणाचं सूत्र, यांतून हा गुणक आला. समजा ८ टक्क्यांना निम्म्या पेशी सुटल्या, तर उत्तर सुमारे ५.८ बार. पान भरपूर पाणी प्यायलेलं असेल तेव्हा रिक्तिका पेशीभित्तिकेवर जवळपास एवढाच दाब देऊ शकते. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, त्याच्याशी ताडून बघा. लाकूड नसलेलं रोप या दाबावर ताठ उभं राहतं. आणि वाढणारी पेशीही मुख्यतः याच जोरावर मोठी होते: महागडं पेशीद्रव्य फारसं न वाढवता स्वस्त पाणी रिक्तिकेत भरायचं. माझ्या मते रिक्तिकेची सगळ्यात मोठी कामगिरी हीच, कारण एवढी विस्तीर्ण पानं आणि एवढ्या लांब मुळ्या झाडाला नाहीतर परवडल्याच नसत्या.

तोच प्रयोग दोन दिवस पाणी न दिलेल्या कुंडीतल्या पानावर करा आणि आकडे शेजारी शेजारी लिहा.

पांढऱ्या कांद्यात रंग कोंडणं

ऱ्हिओत रंग आधीपासून होता. इथे आपण रंग बाहेरून देणार आणि रिक्तिका आम्लधर्मी आहे हे दाखवणार.

०.१ ग्रॅम न्यूट्रल रेड १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवा. काटा एवढं बारीक मोजत नसेल तर दुकानातून तयार ०.१ टक्के द्रावण घ्या. वापरताना त्यातला एक भाग आणि नळाच्या पाण्याचे नऊ भाग घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाका. सोड्याने पाणी किंचित अल्कधर्मी होतं आणि हे अत्यावश्यक आहे. आजवा तलावाचं असो वा मही नदीचं, नळाचं पाणी चालेल. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लाकडे झुकलेलं असतं, म्हणून ते इथे टाळा.

कांद्याची एक जाड पाकळी घ्या. तिच्या आतल्या, खोलगट बाजूवर ब्लेडने नखाएवढा चौकोन आखा आणि चिमट्याने कोपरा उचला. ओल्या कागदासारखी पातळ साल निघते. तिचे तीन तुकडे करा. पहिला सोडा घातलेल्या रंगात. दुसरा, त्याच रंगाच्या दुसऱ्या वाटीत सोड्याऐवजी लिंबाचे तीन-चार थेंब घालून, त्यात. तिसरा आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मग सोडा घातलेल्या रंगात. पंधरा मिनिटं थांबा, साध्या पाण्यात बुडवून काढा, बघा.

पहिल्यात लांबट पेशी काठोकाठ लालचुटुक झालेल्या असतात. एखाद्या पेशीत केंद्रक कडेला फिकट ठिपक्यासारखं उरलेलं दिसतं, कारण ते रिक्तिकेबाहेर आहे. दुसऱ्यात रिक्तिका कोरी आणि रंग पेशीभित्तिकांवर चढलेला. तिसऱ्यात केंद्रक आणि पेशीद्रव्य रंगलेलं, रिक्तिका नाही.

कारण असं: अल्कधर्मी पाण्यात न्यूट्रल रेडच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पटलातून सहज आत जातो. रिक्तिकेत पोहोचला की तिथल्या आम्लातला हायड्रोजन आयन त्याला चिकटतो, तो भारित होतो, लाल होतो आणि भारित असल्याने पटल ओलांडून परत येऊ शकत नाही. मग आणखी रेणू आत, तेही अडकले. लिंबू घातलं तर तो बाहेरच भारित झाला, आत जाऊच शकला नाही. आणि उकळलेल्या सालीत पंपही नाही, पटलही नाही, तर कोंडणार कशात? ही तीन उत्तरं एकत्र ठेवली की रिक्तिका आम्ल ‘राखते’, आणि ते राखायला जिवंतपणा लागतो, हे सिद्ध होतं. यातला एकच तुकडा करून बाकी दोन गाळू नका. त्यांच्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही.

लाल रंगलेल्या सालीवर आता मघाचं मीठ-पाणी ओढा. प्लाझ्मोलिसिस ऱ्हिओपेक्षाही स्वच्छ दिसतो. ४०० पटीत, खालची डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) जराशी बंद करून पाहिलं तर आक्रसलेल्या भागापासून भिंतीपर्यंत ताणलेले अतिशय बारीक धागे कधीकधी नजरेस पडतात. त्यांना हेख्टचे धागे म्हणतात. जीवद्रव्य भिंतीला काही ठिकाणी घट्ट धरून असतं, तिथे ते ओढले जातात.

बीट, पटकन

बीटचा रंग बीटालेन गटातला आहे, तोही रिक्तिकेतच असतो. सारख्या जाडीच्या चकत्या कापा, पाणी रंगेनासं होईपर्यंत धुवा. मग ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात प्रत्येकी एक चकती मिनिटभर ठेवा, काढून साध्या पाण्याच्या ग्लासात टाका, वीस मिनिटांनी ग्लास ओळीत लावा. ५०-६० अंशांच्या पुढे रंग झपाट्याने वाढलेला दिसेल, कारण उष्णतेने पटलं निकामी झाली. एक चकती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून वितळू द्या, तिचाही रंग बाहेर येतो. तिथे बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाडलेली असतात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळेत निदान हा प्रयोग तरी नक्की करावा.

यीस्ट

बेकरीचं सामान मिळतं तिथून सुकं यीस्ट आणा. एक चिमूट कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास ठेवा. मग दोन भाग करा. एक भाग ताज्या नारळपाण्यात घाला, झाकण सैल ठेवा. त्यात साखर आणि अमिनो आम्लं दोन्ही आहेत, त्यामुळे यीस्ट रात्रभरात भराभर वाढतं. बाटली घट्ट बंद केलीत तर वायूने ती फुटू शकते. दुसरा भाग नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवा, म्हणजे उपाशी.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकी एक मिलिलीटर तळाचा गाळ घ्या, वरचं पाणी ओतून टाका, सोडा घातलेल्या न्यूट्रल रेडमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खूप लहान थेंब स्लाइडवर घ्या. थेंब मोठा असेल तर पेशी तरंगत राहतात आणि फोकस जमत नाही. आधी १०० पटीत पेशी शोधा, मग ४०० पट, डायफ्रॅम अर्ध्याहून जास्त बंद.

एकेक पेशी ५ ते १० मायक्रॉनची अंडाकृती दिसते. तिच्यात लालसर गोल म्हणजे रिक्तिका. उपाशी यीस्टमध्ये बहुतेक पेशींत एकच मोठा गोल, पेशीचा बराच भाग अडवून बसलेला. नारळपाण्यात वाढणाऱ्यांत तो लहान, कधी दोन-तीन तुकड्यांत. आणि कळी फुटत असेल तर तिच्याकडे सरकलेला एखादा छोटा गोलही दिसतो. आई-पेशी आपल्या रिक्तिकेचा वाटा कळीला देते. धीर धरून एकाच पेशीकडे बघत राहिलात तर आत एखादा कण अखंड थरथरताना दिसेल. आतला रस पातळ आहे म्हणूनच तो इतका हलतो.

उपाशी यीस्टवर मग अडीच टक्के मीठ-पाणी ओढा. दहा मिनिटांत अनेक पेशींतला एक मोठा गोल जाऊन त्याजागी छोटे छोटे गोल येतात. वनस्पती-पेशीत एकच थैली आक्रसते, यीस्टमध्ये ती तुकड्यांत वाटली जाते. हे ४०० पटीत पाहायला चांगला प्रकाश आणि स्थिर हात लागतो, पहिल्याच स्लाइडवर दिसलं नाही तर नवा थेंब घ्या.

उपाशीपोटी ही मोठी रिक्तिका काय करत असते? पेशीचेच जुने भाग आत घेऊन पचवत असते. या प्रक्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यीस्टच्या रिक्तिकेचाच अभ्यास करत होते. त्यांनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेत पचवणारी विकरं नव्हती, आणि ते उपाशी ठेवलं. आत आलेला माल पचेना, काही तासांत रिक्तिका छोट्या पुटिकांनी भरून गेली, आणि ते त्यांना साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. १९९२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, पुढे त्यामागची जनुकं शोधली, २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपल्या यीस्टमध्ये विकरं शाबूत असल्याने त्या पुटिका आपल्याला दिसणार नाहीत, पण आपण पाहतो आहोत ती जागा तीच. याखेरीज यीस्टची रिक्तिका फॉस्फेटचे लांब साखळदंड आणि आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं साठवते, जड धातू कोंडून ठेवते.

बुरशी

पावासाठी पावसाळा उत्तम. ओलसर केलेली पावाची चकती झाकणाच्या डब्यात तीन दिवस ठेवा. काळे ठिपके यायच्या आधी, कडेची पांढरी कोवळी लव हवी. डबा उघडताना मास्क लावा. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग वगळावा. चिमट्याने दोन-चार तंतू उचलून न्यूट्रल रेडच्या थेंबात ठेवा.

तंतूच्या वाढत्या टोकाशी पेशीद्रव्य दाट, रिक्तिका अगदी लहान किंवा नाहीतच. टोकापासून मागे सरकत जा: त्या मोठ्या होत जातात आणि जुन्या भागात जवळजवळ पूर्ण नळी व्यापतात. बुरशी नवं पेशीद्रव्य पुढे पाठवत राहते आणि मागची लांबी रिक्तिकांवर सोपवते. झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीत याच रिक्तिकांमधून फॉस्फेट दूरच्या मातीतून मुळापर्यंत आणलं जातं. शेताच्या दृष्टीने बुरशीच्या रिक्तिकेचं याहून मोलाचं काम मला माहीत नाही.

पानफुटीचं पहाटेचं आम्ल

१८१५ मध्ये बेंजामिन हेन या दक्षिण भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत ती चव जाते, असं नोंदवलं. कारण पुढे कळलं. ही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी रात्री पर्णरंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड घेते, त्याचं मॅलिक आम्ल करून रिक्तिकेत साठवते. दिवसा रंध्रं बंद ठेवून तेच आम्ल बाहेर काढून वापरते. हेनसारखं चाखून बघू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

एकाच रोपाची, सारख्या वयाची पानं घ्या: एक उजाडायच्या आधी, एक संध्याकाळी पाचला. सकाळचं लगेच फ्रीझरमध्ये टाका म्हणजे दोन्ही एकदम तपासता येतील. संध्याकाळचंही तासभर गोठवा. प्रत्येकी ५ ग्रॅम पान २० मिलिलीटर उकळून गार केलेल्या पाण्यात वाटून गाळा. पीएच पट्टी बुडवा, सकाळचा आकडा खाली येतो. आम्लाचं प्रमाण ताडायचं असेल तर हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेले कागद करा. रसात धुण्याच्या सोड्याचं एक टक्का द्रावण थेंबाथेंबाने घाला, ढवळा, दर वेळी काडीने हळदीच्या कागदावर टेकवा. कागद लाल होईपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. रसाचा हिरवा रंग पीएच पट्टीवर गोंधळ घालतो, थेंबांचा हिशेब त्यापेक्षा भरवशाचा. डिसेंबर-जानेवारीत, रात्र थंड आणि दिवस उन्हाचा असताना करा. ढगाळ हवेत दिवसा आम्ल नीट वापरलं जात नाही आणि दोन्ही आकडे जवळजवळ येतात.

वहीत प्रत्येक चित्राखाली पट, द्रावण, द्रावणात गेलेला वेळ आणि झाडाला शेवटचं पाणी कधी दिलं ते लिहा. पावाचा डबा न उघडता उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवूनच टाका, स्लाइड साबणाने धुवा, आणि न्यूट्रल रेडची बाटली गडद कागदात गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.